घोडं पेंड कुठे खातंय? प्रादेशिक वाहतूक आराखडा आणि आर्थिक विकास

प्रश्न थोडक्यात असा: एका मागास प्रदेशासाठी वीस वर्षांचा वाहतूक आराखडा करायचा आहे. उद्दिष्ट आर्थिक विकासाचं. पैसा मर्यादित, मागण्या मात्र द्रुतगती मार्ग, नवा रेल्वेमार्ग, विमानतळ अशा सगळ्याच. प्राधान्यक्रम कसा लावायचा, आणि हे सगळं बांधलं तर उद्योग खरंच येतात का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर कळल्याशिवाय पहिल्याचं देता येत नाही. नुसता रस्ता झाला म्हणून उद्योग येत नाहीत. जे येऊ पाहत होते, किंवा आहेत पण वाढू शकत नव्हते, आणि ज्यांचं घोडं वाहतुकीपाशीच पेंड खात होतं, ते येतात आणि वाढतात. ज्यांचं घोडं वीज, पाणी, कुशल माणसं, जमिनीचे कागद किंवा बाजारपेठ यांपाशी अडलं आहे, त्यांना तुमचा रस्ता फक्त गुळगुळीत वाटेल. म्हणून आराखड्याचं पहिलं काम नकाशावर रेघा मारण्याचं नसून अडलंय कुठे ते शोधण्याचं आहे. माझ्या मते एकूण कामातला निम्मा वेळ इथे गेला तरी तो वाया जात नाही.

या विषयावरचे पुरावे आता भरपूर आहेत. ते एका सुरात बोलत नाहीत, आणि शिकण्यासारखं तेच आहे. ब्रिटिश काळातल्या भारतातल्या रेल्वेवर डेव्ह डोनाल्डसन या अर्थशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास सांगतो की रेल्वे पोचलेल्या जिल्ह्यांचं शेतीचं वास्तविक उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं. आकडा मोठा आहे. पण त्याआधी माल बैलांवरून जायचा, दिवसाला फार तर ३० किलोमीटर. रेल्वेने तोच माल दिवसाला ६०० किलोमीटरपर्यंत जाऊ लागला. फरक वीसपटीचा होता, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पिकं वेगवेगळी असल्याने देवाणघेवाणीला वावही होता. तुमच्या चौपदरीकरणाने चार तासांचा प्रवास तीन तासांवर येणार असेल, तर त्या १६ टक्क्यांचा दाखला अहवालात देऊ नका. लोक सर्रास देतात.

आता दुसरं टोक पाहा. भारतात २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि हजारो खेड्यांना पहिल्यांदा पक्का रस्ता मिळाला. सॅम ॲशर आणि पॉल नोव्होसाद यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं ते असं: रस्ता आल्यावर माणसं शेतीतून बाहेरच्या मजुरीकडे वळली, पण गावातलं शेती उत्पादन, कुटुंबांचं उत्पन्न, मालमत्ता यांत मोठा फरक पडला नाही. याचा अर्थ रस्ते नकोत असा काढू नये. दवाखाना, शाळा, पावसाळ्यात तुटणारा संपर्क यांसाठी ते हवेतच. फक्त त्यांचं समर्थन त्या कारणांनी करावं. ग्रामीण रस्त्यांच्या प्रस्तावाला उद्योगवाढीचे आकडे चिकटवले की दोन्हींची विश्वासार्हता जाते.

या दोहोंच्या मध्ये सुवर्ण चतुष्कोण आहे. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारं हे ५,८४६ किलोमीटरचं जाळं. त्यावरच्या अभ्यासात महामार्गापासून १० किलोमीटरच्या आतल्या जिल्ह्यांमध्ये संघटित कारखानदारी वाढलेली आढळली; १० ते ५० किलोमीटरच्या पट्ट्यात तसा परिणाम दिसला नाही. फायद्यात विशेष राहिले ते मध्यम घनतेचे जिल्हे. तिथे आधीच थोडे कारखाने होते, थोडी कुशल माणसं होती आणि जागा महानगरापेक्षा स्वस्त होती. अगदी ओसाड भागातून महामार्ग गेला म्हणून तिथे कारखाने उभे राहिले असं सरसकट झालं नाही. तुमच्या प्रदेशात असं दुसऱ्या-तिसऱ्या फळीतलं शहर कुठलं, हे मी सगळ्यात आधी बघेन.

आता एक अप्रिय गोष्ट. रस्त्याला दोन दिशा असतात. ब्रिटनमध्ये मुख्य रस्त्यांच्या मूल्यमापनासाठीच्या स्थायी सल्लागार समितीने वाहतूक आणि अर्थव्यवस्था यांच्या नात्यावरच्या १९९९ च्या अहवालात हे स्पष्ट लिहिलं होतं: मागास भाग पुढारलेल्या भागाशी जोडला की फायदा दोघांपैकी कुणाचाही होऊ शकतो. चीनच्या राष्ट्रीय महामार्ग जाळ्यावर बेंजामिन फेबर यांनी केलेल्या अभ्यासात नेमकं हेच सापडलं. मोठ्या शहरांना जोडताना वाटेत जे लहान परगणे जाळ्यात आले, त्यांची औद्योगिक वाढ न जोडलेल्या परगण्यांपेक्षा मंदावली. जपानमध्ये १९९८ साली आकाशी काइक्यो पूल झाला. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाहून कोबे-ओसाका बसने सहज गाठता येऊ लागलं, आणि तिथलं गिऱ्हाईक खरेदीला पलीकडे जाऊ लागलं.

तर आराखड्यात एक यादी जरूर करा: आपल्या प्रदेशातले कुठले व्यवसाय आज केवळ अंतरामुळे तग धरून आहेत? स्थानिक घाऊक व्यापारी, लहान छापखाने, खासगी दवाखाने, फर्निचर करणारे, गावठी डेअऱ्या. महानगर दोन तासांवर आलं की यांतले काही बुडतील. एकूण प्रदेशाचा फायदा झाला तरी हे बुडतील. ते आधीच माहीत असेल तर त्यांच्यासाठी काही करता येतं. ही यादी कुठल्याही अहवालात मला क्वचितच दिसते, कारण ती प्रायोजकाला आवडत नाही.

आता अडथळा शोधायचा कसा ते सांगतो, कारण खरी कसोटी तिथे लागते.

एक ट्रक घ्या. कारखान्यापासून बंदर ४०० किलोमीटर. ताशी ५० च्या सरासरीने चालवण्याचे तास आठ. पण चालकाला विचारलंत तर तो सांगेल, फेरीला तीस तास लागतात. बाकीचे बावीस कुठे जातात? समजा असे: कारखान्याच्या दारात माल भरायला पाच तास, कारण फाटकावर एकच वजनकाटा आहे आणि दुपारी कागद करणारा माणूस जागेवर नसतो. वाटेतल्या शहरात दिवसा जड वाहनांना बंदी, तिथे वेशीवर सहा तास. बंदराच्या फाटकावर रांगेत नऊ. उतरवायला दोन. आता द्रुतगती मार्ग बांधला आणि सरासरी ताशी ८० केली, तर आठाचे पाच तास होतात. प्रचंड खर्चाने तीन तास वाचले, तीसपैकी. शहराला बाह्यवळण दिलं तर सहा वाचतात. बंदराच्या फाटकावर वेळ ठरवून देणारी नोंदणी आणि दोन जादा मार्गिका केल्या, तर कदाचित त्याहूनही जास्त. वाहतूकदाराचं भाडं ठरतं ते गाडी महिन्यात किती फेऱ्या मारते यावर. रस्ता किती देखणा आहे यावर नाही.

झांबिया आणि झिम्बाब्वेच्या सीमेवरच्या चिरुंडू नाक्याचं उदाहरण म्हणूनच मला आवडतं. तिथे ट्रक दोन्हीकडच्या तपासणीसाठी दिवसच्या दिवस उभे राहायचे. २००९ मध्ये दोन्ही देशांनी एकाच ठिकाणी, एकदाच तपासणी सुरू केली आणि हा थांबा खूप आटोक्यात आला. रवांडाचं उदाहरण तर बांधकामाचं मुळीच नाही. १९९४ मध्ये तिथे मालवाहतुकीवरचे निर्बंध उठले, स्पर्धा आली, आणि भाडी ३० टक्क्यांहून अधिक उतरली. आफ्रिकेतल्या मालवाहतुकीचे अभ्यास सांगतात की बऱ्याच ठिकाणी गाडी चालवण्याचा खर्च फारसा जास्त नसतो, पण माल वाटून घेणाऱ्या संघटना आणि रांगेने माल देण्याची पद्धत यांमुळे भाडं चढं राहतं. अशा ठिकाणी रस्ता सुधारला तर बचत गाडीमालकाच्या खिशात जाते, मालाच्या मालकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे भाडं कोण ठरवतं, कसं ठरवतं, हे तुमच्या प्रदेशात आधी तपासा. या कामाला कोनशिला लागत नाही, फीत कापता येत नाही, म्हणून ते मागे पडतं. तुम्ही ते पुढे आणा.

माहिती गोळा करताना नेहमीची रहदारी मोजणी आणि उगम-गंतव्य सर्वेक्षण (कोण कुठून निघतं, कुठे जातं) कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. मोजणी फक्त रस्त्यावर आलेली वाहनं दाखवते. जो माल निघालाच नाही, तो तिच्यात दिसत नाही. त्यासाठी ट्रक जिथे मुक्कामाला थांबतात तिथे चालकांशी बोला, बुकिंग करणाऱ्या दलालांशी बोला. कंपनीत गेलात तर अध्यक्षांना भेटून निघू नका, माल रवाना करणाऱ्या विभागात जाऊन बसा. ‘रस्ता हवा का?’ असं कधीही विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. ‘गेल्या वर्षात कुठली ऑर्डर हातची गेली, आणि का?’ असं विचारा. ‘परतीचा माल मिळतो का?’ हेही विचारा. गाडी येताना रिकामी येत असेल तर जाणाऱ्या मालावर दोन्ही बाजूंचं भाडं बसतं. परतीच्या भाराची सोय करणारं मालतळ किंवा गुदाम उभं राहिलं, तर काही वेळा ते रस्त्याच्या एका जादा पदरापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आणि सरासरी वेळेने फसू नका. एका मार्गाने माल नेहमी दोन दिवसांत पोचतो. दुसऱ्याने कधी एका दिवसात, बहुतेकदा दीड-दोन दिवसांत, आणि मधूनच पाच दिवसांत. सरासरी तिथेही दोनच. पहिल्या मार्गावरचा कारखानदार दोन दिवसांचा साठा ठेवतो, दुसऱ्यावरचा पाच दिवसांचा. तो जादा साठा म्हणजे अडकलेलं भांडवल, जादा गुदाम, आणि नाशवंत माल असेल तर सरळ नुकसान. ज्या उद्योगांना वेळेवर सुटे भाग लागतात ते दुसऱ्या मार्गावर येणारच नाहीत, तुम्ही सरासरी कितीही खाली आणा. बेभरवशीपणाची कारणं बहुधा ठरावीक असतात: एखादा पाण्याखाली जाणारा पूल, रेल्वेचं फाटक, दरड कोसळणारा घाट, अपघात झाला की बंद पडणारा एकपदरी पट्टा. यांची यादी करून एकेक निकालात काढणं हा बहुतेक आराखड्यांतला सर्वांत जास्त परतावा देणारा खर्च असतो.

ब्रिटन सरकारसाठी रॉड एडिंग्टन यांनी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासाचा रोखही असाच होता: जाळं बऱ्यापैकी विकसित असेल तर मोठ्या दिमाखदार प्रकल्पांपेक्षा आहे त्या जाळ्यातल्या कोंडीच्या जागा सोडवणं आणि वापराचं योग्य मोल लावणं जास्त लाभाचं. अविकसित जाळ्यात गणित थोडं बदलतं, कारण तिथे अख्खा दुवाच नसू शकतो. तरीही तत्त्व लागू आहे. रस्त्याची ताकद त्यावरच्या सर्वांत कमजोर मोरीएवढीच असते. शंभर किलोमीटरचा उत्तम रस्ता आणि मध्ये १० टनांची मर्यादा असलेला जुना पूल, म्हणजे तो अख्खा रस्ता १० टनांचा. म्हणून पुलांची भारक्षमता, उंचीची मर्यादा, बांधकामाचं वर्ष यांचा तक्ता आराखड्याच्या पहिल्या परिशिष्टात हवा.

भाराचा विषय निघालाच आहे तर देखभालीबद्दलही बोलून घेऊ, कारण प्रादेशिक आराखडे सर्वांत जास्त इथे फसतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात एक प्रचंड चाचणी झाली. वेगवेगळ्या जाडीचे रस्ते बांधून त्यांवर ठरावीक भाराचे ट्रक फिरवत ठेवले. त्यातून आलेला ढोबळ नियम आजही वापरतात: रस्त्याचं नुकसान आसावरच्या (ॲक्सलवरच्या) भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. आकडे घालून बघा. १० टनांच्या आसावर १२ टन टाकले, म्हणजे २० टक्के जादा. १.२ चा चौथा घात सुमारे २.०७. नुकसान दुप्पट. भार दुप्पट केला तर सोळापट. वीस वर्षं टिकावा म्हणून आखलेला रस्ता सर्रास २० टक्के जादा भाराच्या वाहतुकीखाली दहाएक वर्षांत संपतो. खाणपट्टा असेल तर हे हमखास होणार. मग एक तर जाड रस्ता बांधा आणि त्याचा खर्च खाणवाल्यांकडून घ्या, किंवा वजनकाटे चालवून दाखवा. तिसरा मार्ग म्हणजे दर काही वर्षांनी नवीन रस्ता, आणि बहुतेक ठिकाणी न ठरवता तोच निवडला जातो.

देखभाल लांबवण्याचा हिशेबही असाच कडक आहे. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते संस्थेच्या अंदाजानुसार वेळच्या वेळी दुरुस्ती न करता तीन वर्षं काढली तर खर्च सहापट होतो, पाच वर्षं काढली तर अठरापट. त्यामुळे आराखड्यात नव्या बांधकामाचा एकही आकडा लिहिण्याआधी मी एक ओळ आधी भरतो: आहे त्या जाळ्याच्या देखभालीला वर्षाला किती लागतात, आणि ते कुठून येणार. उरेल ते नव्या कामांना. अनेक प्रदेशांत हा हिशेब प्रामाणिकपणे केला तर नव्या कामांना फार थोडं उरतं. ते वाईट दिसतं, पण खरं असतं.

रेल्वे की रस्ता? माल भरपूर, एकाच प्रकारचा, लांब अंतराचा, आणि निदान एका टोकाला थेट साइडिंग (आवारात जाणारा स्वतंत्र रूळ), अशा स्थितीत रेल्वेला तोड नाही: कोळसा, खनिज, सिमेंट, धान्य, बंदरातले कंटेनर. दोन्ही टोकांना माल ट्रकवरून उतरवून चढवावा लागत असेल, तर त्या दोन हाताळण्यांत रेल्वेची बचत गळून जाते. ती भरून निघायला काहीशे किलोमीटर अंतर लागतं. किती ते तुमच्या भाड्यांवरून काढा, पुस्तकातला आकडा वापरू नका. आणि हे तपासा की प्रश्न खरोखर नव्या मार्गाचा आहे, की आहे त्याच मार्गावर प्रवासी गाड्यांच्या मागे मालगाडी तासन् तास उभी राहते याचा आहे. दुसऱ्याला उपाय म्हणून गाडी बाजूला घेता येईल अशा जागोजागी लांब वळणमार्गिका, सिग्नल यंत्रणा आणि एक चांगला मालधक्का पुरतो.

प्रवासी रेल्वेत स्थानकाची जागा मार्गाइतकीच महत्त्वाची. फ्रान्समध्ये उत्तरेकडच्या अतिवेगवान मार्गावर आमिआँ आणि सँ-कँताँ या दोन शहरांच्या मधोमध, शेतात, ओत-पिकार्दी नावाचं स्थानक १९९४ मध्ये उघडलं. जुन्या रेल्वेमार्गाशी त्याची जोडणी नाही. दोघांनाही बरोबरीचं अंतर देण्याच्या नादात ते दोघांनाही दूर पडलं, आणि लोकांनी त्याला ‘बीटाचं स्थानक’ असं नाव दिलं. त्याच मार्गावर लीलने मात्र गाडी शहराच्या मध्यात आणण्याचा आग्रह धरला आणि स्थानकाभोवती कचेऱ्या, दुकानं, प्रदर्शन केंद्र असा अख्खा नवा भाग उभा केला. राजकीय समतोलासाठी जागा ठरवण्याचा मोह तुमच्यापुढेही येईल. दोन शहरांच्या भांडणात मधलं शेत जिंकलं, की दोन्ही शहरं हरली असं समजा.

नुसत्या वाहतुकीने न भागता जोड-गोष्टी एकत्र आणल्या तर काय होतं, याचं चांगलं उदाहरण मोरोक्कोतलं तांजे-मेद बंदर. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर, मोठ्या जहाजांच्या रोजच्या वाटेवर, २००७ मध्ये ते सुरू झालं. जागा उत्तम होती हे खरंच. पण त्याचबरोबर रेल्वे आणि द्रुतगती मार्ग बंदरापर्यंत नेले, मागे औद्योगिक क्षेत्रं आखली, जमीन आणि परवाने एकाच यंत्रणेच्या हाती दिले. रेनॉने २०१२ मध्ये जवळच कारखाना सुरू केला, त्याला बंदरापर्यंत रेल्वेजोड होता आणि मोटार उद्योगासाठी माणसं तयार करणारं प्रशिक्षण केंद्रही होतं. बंदर, रूळ, जमीन, वीज, माणसं या सगळ्यांच्या तारखा जुळल्या. आराखड्यात वाहतुकीच्या प्रत्येक मोठ्या कामासमोर हे रकाने ठेवा आणि प्रत्येकासमोर जबाबदार खात्याचं नाव आणि तारीख लिहा. एखादा रकाना पाच वर्षं मागे असेल तर रस्ताही पाच वर्षं मागे ढकला. आधी बांधून ठेवलेल्या रस्त्याचं आयुष्य वापराविना खर्ची पडतं.

आता मूल्यमापनाकडे. प्रत्येक प्रकल्पाला लाभ-खर्च गुणोत्तर काढाल, ते काढावंच. पण त्यातल्या हातचलाख्या ओळखा. सर्वांत नेहमीची म्हणजे एकच लाभ दोनदा मोजणं. प्रवासाचा वेळ वाचला म्हणून स्थानकाजवळच्या जमिनीचे भाव वाढले. वाचलेला वेळही मोजला आणि भाववाढही मोजली, तर तोच पैसा दोनदा आला. बांधकामावरचे रोजगार हा खर्चाचा भाग आहे. सर्रास बेकारी असेल तर त्यातला काही वाटा लाभ मानता येतो, एरवी नाही. आणि शेजारच्या जिल्ह्यातून कारखाना इकडे सरकला तर तो जिल्ह्याचा लाभ असेल, प्रदेशाचा नाही. ‘काहीच केलं नाही तर’ या पर्यायाशी तुलना करून कुठलाही प्रकल्प गोंडस दिसतो. तुलना ‘थोड्या खर्चात जे करता येईल ते केलं तर’ याच्याशी करा: पूल मजबूत केला, चौक सुधारला, वेळापत्रक बदललं. मोठा प्रकल्प त्यावर किती जादा देतो, तेवढंच त्याचं श्रेय.

अंदाजांबद्दल बेंट फ्लीब्येर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २५८ वाहतूक प्रकल्पांचा हिशेब मांडला होता. दर दहांपैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. सरासरी वाढ रेल्वेत ४५ टक्के, पूल-बोगद्यांत ३४, रस्त्यांत २०. हे आकडे टेबलावर ठेवून सल्लागाराला विचारा: तुमचा प्रकल्प या रांगेत वेगळा का? पटेल असं उत्तर नसेल तर अंदाजात तेवढी वाढ सरळ धरा. ब्रिटनमध्ये ही पद्धत २००३-०४ पासून अधिकृत आहे. रहदारीचे अंदाज उलट्या बाजूने चुकतात, विशेषतः रेल्वेत. डेन्मार्क-स्वीडन जोडणाऱ्या ओरेसुंद पुलावर २००० साली वाहतूक सुरू झाली तेव्हा पहिली काही वर्षं गाड्या अपेक्षेहून कमी होत्या. पुढे नियमित प्रवाशांना टोलमध्ये सवलती मिळाल्या, कोपनहेगनमधल्या नोकऱ्या आणि माल्मोतली तुलनेने स्वस्त घरं यांचा मेळ बसला, तेव्हा वर्दळ वाढली. म्हणजे पूल तोच, फरक पडला तो टोल आणि घरभाड्याने. पहिल्या पाच-सात वर्षांचं कर्जफेडीचं वेळापत्रक त्यामुळे हात राखून आखा.

महानगराच्या जवळच्या पट्ट्यात एक वेगळा सापळा आहे. अमेरिकी शहरांवर जिल दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी केलेला अभ्यास सांगतो की रस्त्यांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांचा वापरही वाढतो. कोंडी सुटेल या भरवशावर तिथे पदर वाढवत राहाल तर पैसे संपतील, कोंडी राहील.

जमिनीच्या वापरावर ताबा नसेल तर चांगला रस्ताही वाया जातो. बाह्यवळण झालं की वर्षभरात त्याच्या कडेला दुकानं, ढाबे, गॅरेजं, मग वस्ती, मग गतिरोधक. दहा वर्षांनी बाह्यवळणाला बाह्यवळण लागतं. रस्त्याच्या कडेने थेट प्रवेश बंद आणि ठरावीक ठिकाणीच जोड, हे पहिल्या दिवसापासून नियमात आणि कुंपणात असलं पाहिजे. याचं भीषण रूप ब्राझीलमध्ये दिसलं. रोंडोनियातून जाणारा बीआर-३६४ महामार्ग १९८० च्या दशकात पक्का झाला आणि त्यातून फुटलेल्या आडव्या वाटांवरून जंगलतोड आत आत पसरली. उपग्रहाच्या छायाचित्रांत ती माशाच्या काट्यासारखी दिसते. रस्ता कुठे न्यायचा नाही, हाही आराखड्याचा निर्णय असतो.

उलट बाजूने, जमिनीची भाववाढ हा तुमचा पैशाचा स्रोतही आहे. हाँगकाँगच्या मेट्रो कंपनीने स्थानकांवरच्या आणि भोवतालच्या बांधकाम हक्कांतून रेल्वेचा मोठा खर्च काढला. ही पद्धत दाट शहरात चालते. विरळ प्रदेशात तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. पण मोठे रस्ते एकमेकांना मिळतात त्या चौकांभोवतीची आणि मालतळाजवळची जमीन मार्ग जाहीर होण्याआधी ताब्यात घेणं किंवा तिच्या वापरावर निर्बंध आणणं कुठेही शक्य आहे. मार्ग जाहीर झाल्यावर भाव कुणाच्या बोलण्याने थांबत नाहीत, आणि आतल्या माहितीवर जमिनी घेणारे तुमच्या आधी पोचलेले असतात.

राहिला विमानतळ. प्रत्येक प्रदेशाला तो हवा असतो आणि बहुतेकांना त्याची गरज नसते. स्पेनमध्ये माद्रिदच्या दक्षिणेला सियुदाद रेआल इथे चार किलोमीटरहून लांब धावपट्टीचा विमानतळ २००८ च्या अखेरीस सुरू झाला. राजधानीची वाढती गर्दी इकडे वळेल असा हिशेब होता. ती वळली नाही, चालवणारी कंपनी बुडाली, आणि २०१२ मध्ये तो बंद पडला. तुमच्याकडे हवाईमार्गाने जाणारा माल किती आहे, म्हणजे किलोमागे किंमत जास्त आणि वेळ कमी असलेला माल, ते मोजा. जवळच्या चालू विमानतळापर्यंत थेट बस किंवा रेल्वे दिली तर काम भागतं का, तेही बघा. दोन्ही करूनही मागणी उरत असेल तर विमानतळाला पुढच्या टप्प्यात घ्या. तोवर धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढची जागा आणि जोडरस्त्याची पट्टी विकास योजनेत राखीव करून ठेवा. हेच भविष्यातल्या रेल्वे आणि महामार्गाच्या पट्ट्यांनाही लागू. आज मोकळी असलेली पट्टी आराखड्यात आरक्षित करायला फारसा पैसा लागत नाही. वीस वर्षांनी तीच जागा घरं पाडून घ्यावी लागते. आरक्षणाला मात्र मुदत घाला आणि दर पाच वर्षांनी ती तपासून पट्टी ठेवायची की सोडायची ते ठरवा, नाहीतर शेतकऱ्याची जमीन उगाच अडकून पडते आणि पुढच्या वेळी कुणीही तुमच्या आराखड्याला दाराशी उभं करत नाही.